नोटीस जावेला आली

पोस्टमन आला तेव्हा मी आणि माझी थोरली जाऊ ओटीवर बिरडं सोलत बसलो होतो. त्यानं पाकीट पुढं केलं, सही मागितली. जावेनं ओले हात पदराला पुसले आणि सही केली. आत इंग्रजीत छापलेली पानं होती. पुतणीनं, म्हणजे जावेच्या मुलीनं, ती वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावरच तिचा चेहरा उतरला.

"आई, अब्रुनुकसानीची नोटीस हाय. त्या मॅडमच्या वकिलानं पाठवलीय. त्या हळदीच्या गाण्यावरनं."

जावेच्या हातातला वाल पाटीत पडायचा तो खाली पडला. मी काय केलं? मी पाकीट उचललं आणि उलटसुलट करून बघितलं, त्यावर माझं नाव आहे का. नव्हतं. पुतणीला म्हटलं, आत बघ. आतही नव्हतं. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या वेळी मला भीती वाटलीच नाही. सबंध महाराष्ट्राला तोंडपाठ असलेल्या बाईनं मुंबईचा वकील लावून नोटीस पाठवावी, तीही माझ्या गाण्यासाठी, आणि ती यावी जावेच्या नावावर! माझा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. त्याला सगळं सांगता सांगता माझे डोळे भरून आले. त्यानं आधी धीर दिला, मग नीट ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "नोटीस आली म्हणून रडणारी लोकं बघितली गं मी. नाय आली म्हणून रडणारी तूच."

गाणं माझं कसं, ते सांगायला हवं. आमच्याकडं, कर्जत-दहिवलीच्या अंगाला, लग्नात धवले म्हणायला धवलारीण असते. तिची गाणी देवाधर्माची, मानाची, त्यात इकडचा शब्द तिकडं होत नाही. पण हळदीला घरच्या बायका बसतात त्या चेष्टेला. आलेल्या पाहुण्याचं नाव घ्यायचं आणि त्याची गाण्यातून रेवडी उडवायची. कुणाचं पोट, कुणाचं टक्कल, कुणी सासऱ्याच्या पैशानं घेतलेली मोटारसायकल. ज्याची चेष्टा होते तो मिशीत हसतो, कारण तो मान असतो. ज्याचं नाव घेतलं नाही तो रुसतो. माझ्या नवऱ्याचा एक मामा एकदा एवढ्यासाठी हळदीचं जेवण न जेवता उठला होता. त्याला परत आणायला बायका त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गात गेल्या, तेव्हा गडी वळला.

हे गाणं दोघींनी मिळून म्हणायचं असतं. पुढं बसते ती गळ्याची. तिच्या खांद्याला चिकटून मागं बसते ती कानात सांगणारी. मागची पाहुण्याकडं बघते, ओळ जुळवते आणि पुढचीच्या कानात टाकते. पुढची ती आभाळात फेकते. बाकीच्या बायका उचलतात. मी लग्न होऊन चौकाहून, माझ्या माहेरच्या गावाहून, या घरात आले तेव्हापासून पुढं माझी जाऊ आणि मागं मी. माझा आवाज फाटका. जावेचा आवाज असा, की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला भात वाढणारा माणूस हातातली पळी तशीच धरून थांबतो. मला तो आवाज पहिल्या दिवसापासून खुपतो. देवानं आवाज तिला दिला आणि डोकं मला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येतो. गाणं झालं की बायका तिला म्हणतात, "काय गायलीस गं!" मी मागच्या मागं पाय मोकळे करत उठते.

इतकी वर्षं हे मांडवातच राहत होतं. मांडव सुटला की गाणं विसरलं जायचं आणि माझी जळजळही चुलीपाशी निवायची. मोबाइल आले आणि निवणं बंद झालं.

आता त्या मॅडमचं. टीव्हीवरच्या मालिकांतली बाई, नदीकाठाला तिचा फार्म आहे. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, तोही नटच, खटला चालला होता. तिनं एका मुलाखतीत सांगितलं, नवऱ्यानं मला घराबाहेर काढलं. तो म्हणाला, खोटं, ती स्वतःच्या पायानं गेली, माझी बदनामी केली. त्यानं दावा ठोकला. मग तिनंही त्याच्यावर ठोकला. कोर्ट मुंबईत, पण निकाल रोज आमच्या ओटीवर लागायचा. कोण कोर्टात काय नेसून आलं, कोण रडलं, कुणाचं रडणं खरं, सगळं रील होऊन हातातल्या मोबाइलवर. भाजी निवडता निवडता बायका उलटतपासणी घ्यायच्या. चौकातल्या गॅरेजवाल्यांत तर दोन पार्ट्या पडल्या होत्या, असं माझा भाऊ सांगायचा. तिच्या बाजूची दोघंतिघं, बाकी सगळे त्याच्या.

माझी जाऊ मॅडमच्या बाजूची. म्हणून मी त्याच्या. दुसरं काही कारण नव्हतं. मला तो नट आवडायचाही नाही.

गेल्या लग्नसराईत मॅडमच्या फार्मची राखण करणाऱ्याच्या मुलाची हळद होती. तो आमच्या भावकीतला. बोलावलं म्हणून मॅडम खरंच आल्या, ऊन उतरायच्या सुमारास. पांढरी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत पांढरं कुत्रं. सगळा मांडव उभा राहिला. त्यांना खुर्ची दिली, कुत्र्याला त्यांनी मांडीवर घेतलं. आता एवढी मोठी पाहुणी हळदीला आली आणि तिची चेष्टा केली नाही, तर आम्हाला रीतभात नाही असं झालं असतं. सगळ्या बायकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी जावेच्या कानाला लागले.

पाहुणी आली गं फारमाची,
कुत्रं मांडीवं, गाडी गारव्याची.
कुत्र्याला बसाया गादी गं,
नवरा कुठं सांडला, सांग आदी गं!

जावेनं शेवटची ओळ अशी फेकली की मांडव हसून आडवा झाला. मॅडम पण हसल्या. टाळ्या वाजवल्या, उठून दोन गिरक्या घेतल्या, हळद लावून घेतली. जाताना जावेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय आवाज आहे हो तुमचा." मी शेजारीच उभी होते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "पाणी मिळेल का?"

पुतणीनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तिनं हौसेनं टाकलं. दोन दिवस आमच्याच लोकांनी बघितलं. मग ते मॅडमच्या नवऱ्याच्या बाजूच्या लोकांच्या हाती लागलं. त्यांनी मॅडमच्या टाळ्या, हसणं, गिरक्या कापून टाकल्या. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या ठेवल्या आणि वर लिहिलं, गावच्या बायांनाही कळतं नवऱ्याला टाकून कोण गेलं. झालं. खटल्याच्या प्रत्येक बातमीखाली माझी ओळ. लोक भांडताना माझी ओळ फेकत होते. कुणी त्यावर नाचलं, कुणी ढोल मिसळला, एका बाप्यानं साडी नेसून ती म्हणून दाखवली.

सगळीकडं जाऊ. तिचा वर केलेला हात, तिचं कुंकू, तिचा गळा. तिच्या खांद्यामागं माझं अर्धं नाक आणि एक कान दिसायचा, तेही थांबवून बघितलं तर. मी थांबवून बघायची.

जावेचे दिवस पालटले. कर्जतच्या साडीवाल्यानं तिला नव्या दुकानाची फीत कापायला नेलं आणि मोरपंखी साडी दिली. शेलूला नव्या इमारतींतल्या बायकांनी हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. बाजारात पोरी तिच्यासोबत फोटो काढायच्या आणि मी सगळ्यांच्या पिशव्या धरून उभी. वडापाववाला तिला म्हणायचा, "मावशी, ती ओळ म्हणा ना." जाऊ म्हणायची. दर वेळी. जीभ जराही अडखळायची नाही. माझ्या डोक्यातनं निघालेला शब्द तिच्या तोंडात इतका घरच्यासारखा बसला होता की मलाच कधीकधी वाटायचं, हा माझा कशावरून?

मोरपंखी साडीचं तर मला स्वप्न पडायचं. रंग मला बरा दिसतो. तिला तो मुळीच शोभत नाही, आणि हे मी जळून सांगत नाही. बरं, जळूनच सांगते, पण खरं आहे.

एकदा मी माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवरून त्या रीलखाली लिहिलं, "आवाज चांगला आहे, पण शब्द कोणी जुळवले तेही विचारा." मला वाटलं, आता लोक विचारतील. एकानं उत्तर दिलं, "काका, तुम्ही जुळवले का?" त्याखाली हसणारी तोंडं, ओळीनं. मोबाइलवर नाव आणि फोटो नवऱ्याचा. नवरा दोन दिवस कामावर, एसटीच्या डेपोत, सगळ्यांचा 'काका' झाला होता.

अशा सगळ्यात ती नोटीस आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, जाऊ, पुतणी आणि मी, कर्जतला वकिलाकडं गेलो. वकील आमच्याच शाळेत शिकलेले, जरा बोलके. त्यांनी चष्मा लावून नोटीस मराठीत सांगायला सुरुवात केली. "सदर गीत तुम्ही हेतुपुरस्सर रचून, जाहीररीत्या गाऊन आणि प्रसारित करवून, आमच्या अशिलाची बदनामी केली..."

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"बदनामी केली."

"त्याच्या आधी."

"रचून, गाऊन, प्रसारित करवून."

रचून. मुंबईच्या वकिलानं कागदावर, शिक्का मारून, जावेला रचणारी ठरवलं होतं. गाऊन म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. गळा तिचाच आहे, तो काही मी नाकारत नाही. पण रचून? माझे कान तापले.

वकील पुढं सांगत होते. क्लिप टाकणारी म्हणून पुतणीही त्यात येते. तिची पोलीस भरतीची तयारी चालली होती. दावा लागलाच तर मुंबईच्या खेपा, खर्च, मनस्ताप. माफी मागितली तर चूक कबूल केल्यासारखं. मग त्यांनी चष्मा काढला. "हे गाणं जुनं असेल तर गोष्ट वेगळी आहे. रूढीनं चालत आलेलं, आज्या-पणज्यांचं. पाहुणा बदलतो तशी गावाची आणि जनावराची नावं बदलतात, एवढंच. मग ते कुणा एकीवर रचलेलं ठरत नाही. पण तुम्ही स्वतः म्हणून उपयोग नाही. दुसऱ्या गावचं, दुसऱ्या तालुक्याचं कुणीतरी सांगायला हवं, की हो, आमच्याकडंही म्हणतात."

तिघांनीही माझ्याकडं बघितलं. माझं माहेर चौक. खालापूर तालुका.

मी म्हटलं, "जुनं नाय ते. मी केलंय. मी त्या दिवशी, त्या बाईकडं बघून केलंय. ताईच्या कानात मी सांगितलं."

मनात कितीतरी महिने साठलेलं एका दमात बाहेर पडलं आणि मला एकदम हलकं वाटलं. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "मग हे तुम्ही माझ्यासमोर बोललात ते बरं झालं, बाहेर बोलू नका. त्यांना नेमकं हेच हवंय. मुद्दाम त्या बाईवर रचलं, दुसरीनं गायलं, तिसरीनं पसरवलं. तुम्ही कबूल केलंत तर या दोघी सुटत नाहीत. तुम्ही तिघी अडकता."

मी जावेकडं बघितलं. मला वाटलं, ती आता हात जोडेल, पोरीचं नाव काढून रडेल. तिनं तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "तिला सांगायचं असंल तर सांगू द्या, वकीलसाहेब. गाणं तिचंच हाय. मला कुठं येतं काय जुळवायला?"

असं म्हणून तिनं मला संपवलं. आवाज तिचा, साडी तिची, नोटीस तिची आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच. वकील तिच्याकडं कौतुकानं बघायला लागले. पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काय उरलं मग? मी म्हटलं, "असू दे. जुनं हाय म्हणा."

"पण जुनं कसं म्हणताय?" वकिलांनी विचारलं. त्यांना आतून फार काही जाणून घ्यायचं नव्हतं, ते खिडकीतनं बाहेर बघत होते. "फार्म, गारव्याची गाडी, गादीवरचं कुत्रं. जुनी ओळ काय होती?"

"आठवून सांगते," मी म्हटलं.

घरी आलो. बिरडं पुढं घेतलं, पण बोटं चालेनात. जाऊ समोर बसून सोलत होती. जुन्या ओळीसाठी मला हवी होती ती बाई माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, चालत आलेली, हाती काहीतरी घेऊन घर सोडलेली. कुत्रं मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेल्या मॅडमचा चेहरा मला पहिल्यांदा तेव्हा नीट आठवला. गाण्यावर हसायच्या आधी त्या क्षणभर हसल्या नव्हत्या. मांडवात मी ते बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं. मग ओळी आल्या.

पाहुणी आली गं घाटावरची,
कोंबडी काखंला, वाट पावसाची.
कोंबडी आणलीस सोडवून गं,
सोताला आणलंस का घेऊन गं?

मी हळूच म्हणून दाखवलं. जावेचे हात थांबले. "हे तुला आता सुचलं?" तिनं विचारलं.

"आता कसं सुचंल? जुनं हाय," मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं. जन्मात जुळवलं नव्हतं इतकं चांगलं जुळलं होतं आणि ते माझं नाही असं म्हणायलाच जुळवलं होतं.

वकिलांचं उत्तर गेलं. पुतणी म्हणाली, नुसत्या उत्तरानं लोकांना काय कळणार, लोकांपुढंही सांगायला पाहिजे. म्हणून तिनं ओटीवर आम्हा दोघींना बसवलं. मीही पुढं, जावेच्या बरोबरीनं. मी माझी चांगली साडी नेसले, केसांत अबोली घातली. इतकी वर्षं मागं बसलेलं माझं तोंड पहिल्यांदा सगळ्या जगाला दिसणार होतं. आणि त्या तोंडानं मी म्हणाले, "हे गाणं मी माझ्या माहेरी, चौकाला, माझ्या आजीकडनं ऐकलं. आमी बायका फक्त पाहुण्याचं नाव बदलतो. ज्याची चेष्टा करतो त्याला आमी मान देतो." मग जावेनं जुनं ठरवलेलं गाणं गायलं. शेवटची ओळ तिनं फेकली नाही, खाली ठेवली. आवाजाला नावं ठेवायला मी काहीतरी शोधत होते. सापडलं नाही.

माझ्या आजीला गाण्याचं वावडं होतं. लग्नात ढोल वाजला की ती कानावर पदर ओढून मागल्या दारी जाऊन बसायची. तिला हे कळलं असतं तर तिनं मला उभी-आडवी झोडली असती.

ते रील पहिल्यापेक्षा जास्त फिरलं. मॅडमच्या बाजूच्या लोकांनी उचललं. ज्या ओळीखाली मॅडमना शिव्या पडत होत्या त्याच चालीवर आता बाया रडत होत्या. सोताला आणलंस का घेऊन, असं लिहून कुणी घर सोडल्याचं सांगत होतं, कुणी नोकरी. कोर्टाबाहेर कुणीतरी ते पुठ्ठ्यावर लिहून उभं राहिलं. नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं आणि पाठोपाठ निरोप आला, मॅडम स्वतः भेटायला येतायत.

मॅडम आल्या त्या एका फोटोवाल्याला घेऊन. कुत्रं आणलं नव्हतं. जावेला शाल दिली, नारळ दिला, मिठी मारली. फोटो निघाले. मग खुर्चीत बसून त्या माझ्याकडं वळल्या. "गाणं तुमच्या आजींचं ना? मी ते रात्रंदिवस ऐकतेय. किती खोल आहे. आजकालच्या बायकांना असं सुचेल का हो?"

जावेनं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

"आजींचं नाव काय?" मॅडमनी मोबाइल काढला. "मी स्वतः गाऊन टाकणार आहे. खाली त्यांचं नाव घालायचंय. ज्याचं त्याला श्रेय मिळायला हवं."

आजीचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. आलं आणि मी गिळलं. गळा जावेनं नेला, नाव जावेनं नेलं, आता उरलंसुरलं ढोलाला कंटाळणाऱ्या आजीनं न्यायचं? मी मॅडमना दुसरं नाव सांगितलं. माझं. लग्नाआधीचं. आमच्यात नवरा लग्नात तांदळात बोटानं नवीन नाव लिहितो आणि तिथून पुढं बाईला तेच. माझं जुनं नाव या गावात कुणाला ठाऊक नाही. माहेरी हाक मारणारेही आता हाताच्या बोटांवर उरलेत. मॅडमनी ते लिहून घेतलं, मला परत वाचून दाखवलं. परक्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं. मी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ मोबाइल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. मॅडमनी ते गाणं आपल्या आवाजात गायलं होतं, मागं बासरी लावली होती. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव. त्याच्या आधी, कै. त्याखाली फुलं, जोडलेले हात, दिवे. अशा बायका आता होणे नाही. कोण होती ही माउली? हिच्या गावात हिचं स्मारक करा.

जाऊ माझ्या लग्नात तांदळाचं ताट धरून बसली होती. ती ते नाव विसरली नव्हती.

"हे तुझं नाव हाय," ती म्हणाली.

"होतं."

"तुला मारून टाकलं गं यांनी."

"मेलेय म्हणून चाललंय, ताई. जित्ती असते तर नोटीस आली असती."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं रील परत लावलं. मॅडमचा गोड, पातळ आवाज, बासरी, माझं नाव. परत लावलं. अंगठ्यानं खाली सरकवत गेली, पार खालपर्यंत, काहीतरी शोधत. ते शोधणं मला चांगलं ओळखीचं होतं.

"माझा आवाज कुठं गेला?" ती म्हणाली. "हिनं तर आपल्याच गळ्यानं गायलं. मी कुठंच नाय यात. तुझं मेलेलं का व्हईना, नाव तरी हाय." आणि मोबाइल तिथंच ओट्यावर टाकून, मोरपंखी साडीचा पदर खोचत ती निघून गेली. दारातून वळून तिनं माझ्याकडं असं बघितलं, की इतक्या वर्षांत माझ्याकडं कुणी तसं बघितलं नव्हतं.

मी मोबाइल पुसला, नीट उभा ठेवला आणि माझं नाव पुन्हा वाचलं. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला फार बरं वाटलं.